एलादिओंचा लासो

पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत अडकला नसता, तर एफ्रेन ब्रितो माझ्या दारात उभाच राहिला नसता. त्या टँकरवाल्याचं नावही मला माहीत नाही, पण मी त्याला अजून दुवा देते.

ऑगस्टमधला मंगळवार होता. मी अंगणात बरणी हलवत होते. बरणीत पाणी, साबणाचे दोन थेंब, मूठभर बारीक पोलादी छर्रे आणि गिऱ्हाइकाच्या तीन साखळ्या. मेक्सिकोतल्या आमच्या तास्को गावात चांदी घडवणारे घरोघरी सापडतील. घडवून झालं की ती धुवायची, पुसायची, उजळायची कामं आमच्यासारख्यांच्या घरी येतात. मशीन आम्हाला परवडत नाही. एक बरणी पाऊण तास हलवावी लागते, नुसतं उभं राहून हलवली की खांदे भरून येतात, म्हणून मी रेडिओ लावते आणि नाचते. त्यात लाजायचं काय? दार बंदच असतं.

त्या दिवशी ते उघडं होतं.

"ताल चुकतोय," दारातून आवाज आला.

मी गर्रकन वळले. चौकटीत एक उंच, सावळा तरुण उभा. काखेत कापडाचं गाठोडं. त्याच्यामागे त्याची पांढरी टॅक्सी, आणि टॅक्सीच्या नाकाला नाक लावून टँकर. ना हा मागे जाईल, ना तो.

"कुणाचा चुकतोय? बरणीचा की माझा?" गप्प बसायची मला जन्मात सवय नाही.

"बरणीचा बरोबर आहे."

"असं होय. आणि आत यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"टँकरनं. बाहेर उभा राहिलो तर चिरडून टाकील म्हणतो."

मला हसू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही. पायरीवर आई शेंगा सोलत बसली होती. तिला सगळे दोन्या कुका, म्हणजे कुकाबाई, म्हणतात. डोळ्यांत मोती उतरलाय, पण कान शाबूत आहेत. "देल्फिना, भांडतेस काय, त्याला पाणी दे," ती म्हणाली. "टँकर अर्धा तास हलत नाही."

मी पाणी दिलं. तो गटागटा प्यायला आणि ग्लास परत देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग त्याचं त्यालाच अवघडल्यासारखं झालं आणि तो गाठोड्याकडे बघायला लागला.

"वरच्या वर्कशॉपात न्यायचंय हे. पॉलिशला. लासो आहे," तो म्हणाला.

लग्नात पाद्रींची मिस्सा-प्रार्थना चालू असताना नवरानवरीच्या खांद्यांवर टाकतात, ती दोन वेढ्यांची साखळी म्हणजे लासो. एक वेढा त्याला, एक तिला, मधोमध क्रूस. लोक मण्यांचे करतात, फुलांचे करतात. त्यानं कापड उलगडलं तर आत चांदीच्या कड्यांनी विणलेला लासो. बोटाएवढा जाड, कडीत कडी, कडीत कडी... मी हातात घेतला तर पाण्यासारखा बोटांमधून ओघळला. सांधा शोधून सापडेना.

"कुणी विणला हा?"

"माझ्या बाबांनी. एलादिओ ब्रितो."

आईचे हात थांबले. "एलादिओ उस्तादांचा? इकडे आण." तिनं तो मांडीवर घेतला आणि एकेक कडी बोटांनी चाचपत राहिली. "असा सांधा आता कुणी बंद करत नाही बाळा. दोन वर्षं झाली ना त्यांना जाऊन?"

"हो." तो खाली बसला, पायरीवर, आईच्या शेजारी. "ते गेल्यावर हा कपाटात सापडला. असाच गुंडाळलेला, वर मारिसेलाचं नाव. ती माझी धाकटी बहीण. तेव्हा तिचं लग्न ठरलंही नव्हतं... आता शनिवारी आहे. आणि बघा ना, पार काळवंडलाय. मला चांदीतलं ओ की ठो कळत नाही. बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण मी आपला गाडीत पळालो. मला एवढंच हवंय की शनिवारी हा लख्ख दिसावा."

मी लासो उन्हात धरला. कड्या काळ्या होत्या खऱ्या. नीट बघितलं असतं तर कुठे काळ्या आणि कुठे नाही, हे दिसलं असतं. पण मी बघत होते त्याच्या पापण्यांकडे. खोटं कशाला बोलू?

"इथेच ठेवा," मी म्हटलं. "वर मशीनच्या चाकाला लावतील. चाक साखळी ओढून घेतं, कड्या फाटतात. मी हातानं करते."

"नाचत?"

"नाचायचे वेगळे पडतील."

टँकर हलला. तो गेला. आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आवाज बरा आहे मुलाचा."

"मी ऐकला नाही," मी म्हटलं.

"हो, दिसलं मला," ती म्हणाली. मोतीबिंदू झालेली बाई!

बुधवारी दुपारी मी टब घेतला. तळाशी ॲल्युमिनियमचा कागद, चकचकीत बाजू वर, त्यावर खायचा सोडा, मूठभर मीठ आणि उकळतं पाणी. चांदी त्या कागदाला टेकली की काळेपणा आपोआप सुटतो. कड्यांच्या विणीला हाच उपाय बरा, कारण ब्रश कितीही बारीक घ्या, कडीच्या पोटात शिरत नाही. मी लासो आत सोडला, वास आला, पाणी पिवळसर झालं. पाच मिनिटांत तो पांढराशुभ्र.

दोन पाण्यांतून काढून मी तो सुती कापडावर पसरला आणि मलाच तो आवडेना. काल त्यात काहीतरी जिवंत होतं. आता सगळ्या कड्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. वीणच दिसत नव्हती.

"आई, झालं."

"झालं तर असं रडत काय सांगतेस?"

"सपाट दिसतोय गं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "काल काळा कुठे होता? सगळीकडे?"

"नाही. कड्यांच्या पोटात. पाठी उजळ होत्या, वापरून वापरून होतात तशा."

"वापरला कुणी?"

मी लासो पुन्हा उचलून बघितला.

"तो आजवर कुणाच्या खांद्यावर पडलेला नाही, देल्फी. कापडात ठेवलेल्या चांदीवर मळ बसतो तो सगळीकडे सारखा. पोट काळं आणि पाठ उजळ, असं आपोआप होत नाही. कुणीतरी बसून करावं लागतं."

तो मळ नव्हता. तो रंग होता. एलादिओंनी आधी सगळा लासो काळा केला होता आणि मग एकेका कडीची पाठ हातानं उजळली होती, वीण उठून दिसावी म्हणून. दोन हजार कड्या तरी असतील. बापानं लेकीसाठी मागे ठेवलेलं काम, आणि मी ते पाच मिनिटांत मोरीत ओतलं होतं.

"काल मीच विचारायला हवं होतं," आई म्हणाली. "माझ्या बोटांना काळं दिसत नाही."

"त्याला सांगू?"

"सांगितलं नाहीस तर कळेल का त्याला?"

"नाही. त्याला लख्खच हवा होता."

"मग बघ बाई. सांगितलंस तर गोष्ट वरपर्यंत जाईल. कुकाच्या पोरीला मळ आणि रंग यातला फरक कळत नाही म्हणतील. चार वर्कशॉपं आपल्याला काम देतात, ती एका नावावर देतात." तिनं सोललेले दाणे वाडग्यात सारले. "आणि नाही सांगितलंस, तर फक्त तुला माहीत राहील."

एवढं बोलून ती आत गेली. आई असावी तर अशी, धड सल्ला द्यायचा नाही.

पाच वाजता तो आला. टॅक्सी चालवायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालतं का? केसही ओले करून विंचरलेले. टेबलावर पांढराशुभ्र लासो बघितला आणि त्याचा चेहरा असा उजळला की... मला वाटलं, देल्फिना, गप्प बस. एकदाच आयुष्यात गप्प बस.

"बाबा असते तर..." तो म्हणाला आणि आत आईला ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. "दोन्या कुका, तुमच्या मुलीच्या हातात जादू आहे."

"माझ्या हातात काही नाही," मी म्हटलं. "मी तुमचं नुकसान केलंय."

आणि मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पोट, पाठ, रंग, टब, मोरी. त्याच्याकडे न बघता सांगितलं, कारण बघितलं असतं तर अर्ध्यात थांबले असते.

तो खुर्चीत बसला. लासो उचलून उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे तो काळाच असायचा होता," शेवटी तो म्हणाला.

"अर्धा."

"आणि लख्ख करा म्हणून सांगितलं मीच."

"तुम्हाला चांदीतलं कळत नाही. मला कळायला हवं होतं."

"पण एक समजत नाही," तो कपाळ चोळत म्हणाला. "बाबांनी तो काळा केला कशानं? त्यांची हत्यारं, बाटल्या, सगळं आम्ही आजारपणात विकून टाकलं होतं. घरात काहीच नव्हतं."

"घरी करायचं तर अंड्यांनी करतात," मी म्हटलं. "उकडायची, पिवळं कुस्करायचं, गरम असतानाच चांदीबरोबर डब्यात बंद करायचं. त्या वाफेनं चांदी काळी पडते. मोठी साखळी असली तर डझनावारी अंडी लागतात."

त्यानं मान वर केली.

"काय म्हणालात?"

"अंडी. उकडलेली."

त्याचा चेहरा असा झाला की मी घाबरले. आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली.

"शेवटचे दोन महिने," तो हळू म्हणाला, "आम्ही घराबाहेर पडलो की बाबा कोपऱ्यावरून अंडी आणायचे. डॉक्टरांनी पिवळं बंद केलं होतं, हृदयासाठी. संध्याकाळी घरात शिरलं की तो वास. आई हात जोडायची, मारिसेला रडायची. एकदा तर तिनं त्यांच्यासमोरची सगळी अंडी उचलून रस्त्यावर फेकली. आणि मी... मी म्हटलं, बाबा, मरायचंच असेल तर सरळ सांगा, आम्हाला कशाला छळता?"

"ते काय म्हणाले?"

"हसले. अंड्यानं कुणी मरत नाही रे, म्हणाले. तीन आठवड्यांनी गेले. दोन वर्षं झाली देल्फिना, मी रोज तेच मनात घोळवतो, की या माणसाला आमच्यापेक्षा अंडी प्यारी होती. मला त्यांचा राग येतो. मेलेल्या बापाचा राग येतो मला."

मग आईनं विचारलं, "चांदीला पिवळं लागतं. पांढऱ्याचं काय करायचे ते?"

तो बघतच राहिला. "कानेलो..." तो पुटपुटला. "आमचा कुत्रा. त्या दोन महिन्यांत पिंप झाला होता नुसता. आम्ही म्हणायचो, हा हवा खाऊन फुगतोय की काय." तो हसायला लागला, मोठ्यानं हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. हात लावायचा धीर झाला नाही.

"त्यांनी एकही खाल्लं नाही," मी म्हटलं. "लेकीला लासो आधी दिसू नये म्हणून बोलणी खाल्ली फक्त."

त्यानं मान हलवली. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तर मला हे मरेपर्यंत कळलं नसतं." मग लासोवर हात ठेवून, "पुन्हा होईल?"

"होईल. पण दोनच दिवस आहेत. उस्तादांना दोन महिने लागले."

"त्यांना लपून करावं लागलं. आपल्याला कुठे लपायचंय?"

आपल्याला, म्हणाला. मी ते ऐकलं आणि चूल पेटवायच्या निमित्तानं आत पळाले.

गुरुवारी सकाळी तो दोन डझन अंडी घेऊन हजर. गुरुवारी आख्ख्या तास्कोत पोसोले, मक्याचा रस्सा, शिजतं. आमच्या घरात अंडी उकडत होती.

"दुकानदारीण विचारत होती, बारसं आहे का," तो म्हणाला.

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, अजून नाही."

"टरफलं काढा," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

आम्ही मोठ्या डब्यात गरम पिवळं पसरलं, वर जाळी, जाळीवर लासो, आणि झाकण घट्ट. तासाभरात चांदी आधी सोनेरी झाली, मग जांभळी, मग निळी, मग काळी. एफ्रेन दर पाच मिनिटांनी झाकणाच्या काचेतून डोकावत होता. मधल्या वेळात आम्ही मक्याच्या तोर्तियात, म्हणजे पोळीत, पांढरं भरून, तिखट घालून खाल्लं. कानेलोचा वाटा आपण खातोय, असं तो म्हणाला, आणि या वेळी रडला नाही.

झाकण उघडलं तर लासो काळाभोर... आणि मधोमध पाच पांढरे ठिपके.

"ही कुणाची बोटं?" मी विचारलं.

त्यानं हळूच हात मागे घेतला. "जाळीवर नीट बसला नव्हता. मी जरा सरकवला."

"खाता खाता? तुपकट हातानं?"

"एकदाच."

"चांदीला बोट लागलं की रंग धरत नाही. आता सगळा धुवायचा, वाळवायचा आणि परत पहिल्यापासून. तुमच्या बाबांनी तुम्हाला शिकवायचा नाद सोडला ते बरंच केलं."

"मीच नाद सोडला होता."

"आता लागलाय वाटतं?"

"आता लागलाय," तो म्हणाला, आणि चांदीकडे बघत नव्हता.

साबणानं धुऊन आम्ही लासो गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावला. ऊन चांगलं होतं. ऑगस्टमध्ये तास्कोत उन्हावर कोण विसंबतं? मी खाली दुसऱ्या डझनाला आधण ठेवते न ठेवते तोच डोंगरावरून पाऊस धाडधाड आला. थेंब वाळले की डाग पडतात. आम्ही दोघंही जिन्यावरून वर धावलो. मी दोरीच्या एका टोकाला, तो दुसऱ्या, आणि आमच्यामध्ये आईचा परकर, माझे दोन फ्रॉक आणि एलादिओंचा लासो. त्यानं शर्ट काढून लासो त्यात गुंडाळला आणि पोटाशी धरला. मी परकर डोक्यावर घेतला. जिन्याच्या तोंडाशी आम्ही एका परकराखाली उभे. त्याच्या केसांतून पाणी माझ्या खांद्यावर पडत होतं... थंड, एकेक थेंब.

"कपडे राहिले," तो म्हणाला.

"राहू देत," मी म्हटलं.

खालून आईचा आवाज आला, "देल्फिना, लासो आणायला एवढा वेळ लागतो होय?"

दुसरा डझन जमला. सगळ्या कड्या एकसारख्या काळ्या.

शुक्रवार उरला पाठी उजळायला. खायच्या सोड्याची दाट लापशी, ती अंगठ्यावर घ्यायची आणि कडीची फक्त पाठ चोळायची. जोर जास्त झाला की पोटातला रंग जातो, कमी झाला की पाठ उजळत नाही. टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. मी एका वेढ्याच्या टोकापासून, तो दुसऱ्या. मध्ये क्रूसपाशी भेटायचं.

पहिल्या पन्नास कड्या त्यानं घाबरत घाबरत केल्या. मग हात बसला. बाप बोटांत उतरतो म्हणतात ते मी तेव्हा बघितलं; सांधा आला की त्याचा हात आपोआप हलका व्हायचा, मी न सांगता. मी सांगितलं त्याला तसं. त्यानं पुढची कडी जास्त जपून केली.

दुपार झाली. अंगठे सोलवटले. आई मध्येच येऊन दोन्ही बाजूंवरून बोटं फिरवून जायची. "हिची बाजू घाईची आहे," म्हणायची. "ह्याची बरी आहे."

"तू माझी आई आहेस की ह्यांची?"

"जो चांगलं काम करील त्याची," ती म्हणाली आणि उगाचच आत जाऊन भांडी वाजवायला लागली.

चार वाजता आमच्यामध्ये वीतभर लासो उरला. मग चार बोटं. आमची डोकी एकमेकांना लागायला आली.

"हळू करा," तो म्हणाला.

"का? झालं की संपलं."

"म्हणूनच म्हणतोय."

मी मान वर केली नाही. शेवटच्या कडीवर त्याचा अंगठा आधी आला, माझा नंतर. दोघांनी मिळून ती चोळली, गरजेपेक्षा बराच वेळ.

"देल्फिना," तो म्हणाला, "मला तुम्हाला अहोजाहो करायचा कंटाळा आलाय."

"मग नका करू."

"तू पण नको करूस."

"बरं," मी म्हटलं. मोठी बडबडी म्हणवते स्वतःला, त्या क्षणी दुसरा शब्द सुचला नाही.

लासो आम्ही धुऊन, पुसून खिडकीत धरला. पोटं काळी, पाठी उजळ. जरा हलवला की उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचा. एलादिओंनी केला होता तसाच झाला की नाही, मी सांगू शकत नाही. आईनं मांडीवर घेतला, चाचपला आणि म्हणाली, "उस्ताद रागावणार नाहीत."

तो लासो घेऊन गेला. घरी जाऊन आज सगळ्यांना सांगणार म्हणाला, अंड्यांचं सगळं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात एक मुलगी, केसांत रोलर, डोळे सुजलेले, पायांत घरातल्या चपला. मी कधी बघितलं नव्हतं तिला, पण ओळखलं.

"मी त्यांच्या पुढ्यातून उचलून फेकली होती," मारिसेला म्हणाली. "आख्खी बशी. ते खाली वाकून टरफलं गोळा करत होते आणि मी दार आपटून गेले." आणि तिनं मला मिठी मारली. अशी मारली की रोलर माझ्या गालात रुतले. "रात्रभर आम्ही तिघंही रडलो आणि हसलो. आई म्हणाली, दोन वर्षांनी घरात बाबा परत आले."

"चूक झाली माझ्याकडून," मी म्हटलं.

"हो, आणि बरं झालं." तिनं नाक पुसलं. "ऐक, मला उशीर होतोय. लासो घालायला एक पुरुष आणि एक बाई लागते. एफ्रेन आहे. त्याच्याबरोबर आमची आत्या होती, पण मी तिला सांगितलंय. तू घालायचास."

"मी? अगं, लोक काय म्हणतील? लासोचे मानकरी म्हणजे..."

"माहितीये काय म्हणतील," ती म्हणाली आणि चपला फटफटवत टॅक्सीकडे पळाली. टॅक्सीत कोण बसलं होतं ते सांगायला नको. तो समोर बघत होता, अगदी सरळ समोर, जणू रस्त्यावर फार गर्दी आहे.

आमच्या वस्तीतलं छोटं देऊळ, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. पाद्रींनी खूण केली तसे आम्ही दोघं पुढे गेलो. एक वेढा मी मारिसेलाच्या खांद्यांवर ठेवला, दुसरा त्यानं तिच्या नवऱ्याच्या. क्रूस मध्ये लोंबत राहिला. पुढच्या बाकावर त्यांची आई बसली होती. तिनं लासोकडे बघून हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू उजळत आले. एवढं मोठं काही माझ्या हातून व्हावं म्हणून ती चूक माझ्याच वाट्याला आली. देवाचे, आईचे, टँकरवाल्याचे, कुणाकुणाचे उपकार मानू?

लासो घातला की मिस्सा संपेपर्यंत मानकऱ्यांनी मागे उभं राहायचं. आम्ही उभे होतो. गुडघे टेकलेल्या जोडप्यामागे, खांद्याला खांदा.

"एक विचारू?" तो ओठ न हलवता पुटपुटला.

"मिस्सा चालू आहे."

"त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर मला काहीच कळलं नसतं. तुमचं नावही राहिलं असतं. का सांगितलंस?"

मी विचार केला. खरं उत्तर मलाही तेव्हाच सापडलं. "तू फार खूश होतास," मी म्हटलं. "खोट्यावर खूश असलेला तू... मला बघवेना."

पुढे पाद्री काहीतरी वाचत होते. एफ्रेनचा हात हळूच सरकत आला आणि त्याच्या सोलवटलेल्या अंगठ्यानं माझा सोलवटलेला अंगठा धरला.

"देल्फी," तो म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम बसलंय. चार दिवस म्हणजे थोडे आहेत, मला माहितीये. पण बसलंय."

माझ्या मनात इतकं काही भरून आलं होतं, की तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आभारी आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या बाकावरची आत्यासुद्धा वळली. घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर बसले, आम्हीही बसलो. त्याचा चेहरा पडला होता, पण त्यानं हात सोडला नव्हता. तो नुसता वाट बघत होता.

मी त्याच्या कानाशी वाकले.

"आभार आधी मानायचे असतात," मी म्हटलं. "प्रेम माझंही आहे."